खुणा आणि भरवसा : फादर स्टीफन्स यांच्या १५७९ च्या पत्राचे एक वाचन

इ. स. १५७९ च्या नोव्हेंबर महिन्याच्या दहाव्या तारखेस टॉमस स्टीफन्स नावाच्या एका इंग्रज जेझुइटाने गोव्याहून लंडनमधील आपल्या व्यापारी पित्यास एक दीर्घ पत्र लिहिले. लिहिणाऱ्याचे वय तिशीच्या आसपास होते. लिस्बन सोडून त्यास सात महिने झाले होते आणि गोव्याच्या भूमीवर पाऊल ठेवून जेमतेम सतरा दिवस. पुढे 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ज्यांनी स्थान मिळविले ते फादर स्टीफन्स हेच. मराठीच्या अभ्यासकांना हे पत्र ऐकून माहीत असते; परंतु त्याचा उपयोग बहुधा चरित्रातील तारखा निश्चित करण्यापुरताच केला जातो. एका धर्मप्रचारकाच्या पहिल्या परदेशगमनाचे वर्णन म्हणून, म्हणजेच स्वतंत्र लेखनकृती म्हणून, ह्या पत्राचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. तो प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पत्र प्रसिद्ध झाले ते इ. स. १५८९ मध्ये, रिचर्ड हॅक्लूट ह्याने सिद्ध केलेल्या इंग्रजांच्या सागरी प्रवासांच्या बृहत्संग्रहात. हॅक्लूट हा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक. त्याचे सारे लक्ष इंग्लंडच्या नौकानयनाकडे व व्यापाराकडे लागलेले होते. कॅथलिक पंथासाठी मायदेश सोडून गेलेल्या एका माणसाचे पत्र त्याने त्याच देशाच्या सागरी पराक्रमाच्या ग्रंथात गोवले, ह्यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. परिणाम असा झाला की, पत्राचा वाचक प्रारंभापासून ठरून गेला. पूर्वेच्या जलमार्गाची माहिती देणारा कागद आणि भारतात येऊन राहिलेल्या पहिल्या ज्ञात इंग्रजाची साक्ष ह्या दोन नात्यांनी ते वाचले जाऊ लागले. पत्रात वारे, अक्षांश, होकायंत्राच्या सुईचे विचलन, पक्षी आणि मासे ह्यांची इतकी रेलचेल आहे की, ह्या वाचनास आधार नाही असे म्हणता येणार नाही.

दुसरे वाचन श्रद्धाळूंचे. एका धर्मोपदेशकाची ही पहिली सागरयात्रा असल्यामुळे तीत विश्वास आणि आशा ह्यांचे उद्गार सापडलेच पाहिजेत, अशा अपेक्षेने हा वाचक पत्राकडे वळतो आणि काहीसा हिरमुसतो. 'विश्वास' हा शब्द पत्रात शोधून सापडत नाही. ज्यांच्यासाठी आपण आलो त्यांच्या उद्धाराविषयी एक वाक्य नाही. धर्मांतर, उपदेश, प्रभूच्या वचनाचा प्रसार ह्यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. 'आशा' हा शब्द आहे, परंतु तो जेथे आहे तेथे त्याची अवस्था चमत्कारिक आहे. तिचा विचार पुढे येईलच.

ही अपेक्षा कोठून आली हे पाहावयाचे तर मिशनरी प्रवासवर्णनाचा पुढील काळात जो साचा रूढ झाला त्याकडे पाहावे लागते. त्याचे एक ठळक उदाहरण आपल्या प्रदेशाशी संबंधित आहे. हॅरिएट न्यूएल ही मॅसॅच्युसेट्समधील तरुणी आपला पती सॅम्युएल न्यूएल ह्याच्यासह १८१२ च्या फेब्रुवारीत सेलम बंदरातून हिंदुस्थानाकडे निघाली. कलकत्त्यास इंग्रज कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ह्या मंडळींना थारा दिला नाही. मॉरिशसकडे जाताना तिचे अर्भक जहाजावरच दगावले, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी ती स्वतः वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तेथे मरण पावली. पती पुढे मुंबईस आला व अमेरिकन मराठी मिशनच्या आद्य कार्यकर्त्यांत गणला गेला. हॅरिएटची दैनंदिनी व पत्रे १८१४ मध्ये ग्रंथरूपाने निघाली आणि पुढील कित्येक दशके अमेरिकेतील घराघरांत वाचली गेली. त्या लेखनाचा सारा प्रदेश अंतःकरणाचा आहे. मी योग्य आहे काय, माझी श्रद्धा टिकेल काय, परमेश्वर मला सोडणार नाही ना, असे प्रश्न पानोपानी येतात. समुद्र असतो तो ह्या प्रश्नांची पार्श्वभूमी म्हणून. त्या लेखनातील दुःख खरे आहे, आणि त्याची थट्टा करणे क्षुद्रपणाचे होईल. परंतु त्याने जो साचा निर्माण केला त्यात विश्वास व आशा ही प्रवाशाच्या मनाची उच्चारलेली स्थिती बनली. आजही पंधरा दिवसांच्या सेवायात्रेवरून परतलेला तरुण आपला अनुभव सांगू लागला की, ह्याच साच्यातून बोलतो. स्टीफन्स यांचे पत्र ह्या साच्याच्या सव्वादोनशे वर्षे आधीचे आहे, आणि त्यास तो लावून पाहणे म्हणजे ओवीत यमकांऐवजी आर्येच्या मात्रा मोजीत बसणे होय.

पत्राचा आरंभ पाहावा. पित्याचा व मातेचा आशीर्वाद मागून झाल्यावर स्टीफन्स म्हणतात की, आपण का निघालो हे पूर्वीच्या पत्रांत कळविलेच आहे. ते एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द 'आज्ञापालन' हा होय. एवढे सांगून ते थेट लिस्बनच्या बंदरावर येतात. ह्या एका शब्दामागे बरेच काही आहे. इंग्लंडात त्या वेळी कॅथलिक मताच्या माणसास उघडपणे राहणे कठीण झाले होते. स्टीफन्स हे टॉमस पाउंड ह्या आपल्या मित्राबरोबर, त्याचा नोकर असल्याची बतावणी करून, वावरत होते. दोघांनी मिळून रोमला जावयाचे ठरविले होते. पाउंड पकडला गेला आणि पुढे त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. जो मित्र मागे राहिला त्याचे नावही ह्या पत्रात येत नाही.

धर्माविषयीच्या ह्या मौनात सावधगिरीचा भाग असेल हे उघड आहे. असे पत्र लंडनमधील पित्याच्या घरी सापडणे त्या घरास धोक्याचे झाले असते. परंतु केवळ सावधगिरी म्हणून हे मौन उलगडत नाही. ईश्वराचे नाव पत्रात मोकळेपणाने येते, आणि ते कोठे येते व कोठे येत नाही ह्याला एक व्यवस्था आहे. लिस्बनला आपण इतक्या उशिरा पोहोचलो की, आपल्या जागी दुसऱ्यांची नेमणूक होऊन गेली होती. जहाजे काही महत्त्वाच्या कामासाठी खोळंबली म्हणूनच आपल्याला जागा मिळाली, असे ते सांगतात. कोणाही भाविक लेखकाने येथे ईश्वरी योजनेचा हात दाखविला असता. स्टीफन्स तसे काही करीत नाहीत. जहाजे थांबली होती, आपण पोहोचलो, आपण निघालो, एवढेच. हा काटकसरीपणा मला फार अर्थपूर्ण वाटतो.

मग ईश्वराचे नाव प्रथम ठसठशीतपणे कोठे येते? ते येते नौकानयनाच्या एका अडचणीपाशी. पूर्व-पश्चिम दिशेने जाताना आकाशात स्थिर बिंदू नसल्यामुळे जहाज नेमके कोठे आहे हे कळत नाही. अक्षांश निश्चित सांगता येतो, रेखांश मात्र अदमासानेच ठरवावा लागतो. ह्या लोकांसाठी ईश्वराने कोणती साधने पुरविली ती सांगतो, अशी प्रस्तावना करून स्टीफन्स जी साधने सांगतात ती अशी : पूर्वी हा प्रवास केलेल्यांनी हवेत व पाण्यात दिसणारी एकूणएक खूण, प्रत्येक पक्षी, लिहून ठेवलेला आहे, खलाशी त्या वह्या वाचतात, वाऱ्याचा जोर पाहून जहाजाने किती पल्ला गाठला असेल ह्याचा हिशेब करतात, आणि होकायंत्राची सुई उत्तरेपासून किती ढळली ते पाहतात. ईश्वराची देणगी म्हणून येथे जी गोष्ट नोंदविली आहे ती म्हणजे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले निरीक्षण आणि त्याची लेखी परंपरा. विश्वास आणि चिकित्सा ह्यांची फारकत ह्या लेखकास ठाऊक नाही. पुढे एके ठिकाणी तर ते अशा खलाशांवर कठोर टीका करतात की, जे नेहमीच्या अनुभवावर विसंबून राहतात आणि आपण मार्ग सोडून भरकटलो की काय हे तपासण्याचे साधन शोधण्याची तसदी घेत नाहीत.

पक्ष्यांच्या नावांविषयीचा मजकूर भाषाभ्यासकाने थांबून वाचावा असा आहे. आफ्रिकेचा किनारा जवळ येऊ लागला तसे अंदाजे तीन हजार पक्षी जहाजामागे लागले; काहींच्या पसरलेल्या पंखांची रुंदी सात वितींची. पोर्तुगीजांनी ह्या पक्ष्यांना त्यांच्या एकेका गुणावरून नावे दिली आहेत असे सांगून स्टीफन्स ती नावे आपल्या इंग्रजीत उतरवितात : कोणी लव्हाळ्यासारख्या शेपटीचा, कोणी दुभंगलेल्या शेपटीचा, कोणी मखमली बाह्यांचा, कारण त्याचे पंख मखमलीच्या रंगाचे असतात आणि माणसाने कोपर वाकवावे तसे तो ते वाकवितो. हा शेवटचा पक्षी सर्वांना हवासा असतो. तो दिसला की भूशिर जवळ आले असे समजतात. पोर्तुगीज शब्द जसाच्या तसा न ठेवता त्यातील लक्षण उचलून दुसऱ्या भाषेत नवा शब्द उभा करावयाचा, ही पद्धती येथे प्रथम दिसते. पुढे चाळीस वर्षांत त्यांनी मराठीत जे काम केले त्याची ही पहिली चुणूक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता भूशिराकडे वळू. दक्षिण आफ्रिकेच्या ह्या टोकास पोर्तुगीजांनी दिलेले नाव 'उत्तम आशेचे भूशिर'. पत्रात ते नाव दोनदा येऊन जाते. वादळांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या त्या ठिकाणी वादळ नव्हते, फक्त मोठ्या लाटा होत्या. पायलटने वाऱ्याच्या भरवशावर जहाज किनाऱ्याच्या फारच जवळ नेले. वारा फिरला, आणि आगुल्यास भूशिरापासून सहा मैलांवर, चौदा वावांपेक्षाही कमी पाण्यात जहाज अडकले. खाली सुऱ्यांसारखे खडक, नांगर धरेना. तो दिवस २९ जुलैचा. येथे स्टीफन्स लिहितात की, जीविताची आशा उरली नव्हती. आधार होता तो ईश्वराचा आणि निर्मळ सदसद्विवेकबुद्धीचा. 'आशा' हा शब्द सामान्यनाम म्हणून पत्रात वापरला जातो तो हा असा, नकारार्थी, आणि तोही आशेच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या भूशिराच्या परिसरात. ह्यात लेखकाने कोटी साधली आहे असे मला वाटत नाही. त्यांच्या गद्यात कोट्यांना जागाच नाही. परंतु शब्दाची ही नियुक्ती बोलकी आहे. नकाशावर छापलेली आशा वेगळी आणि चौदा वाव पाण्यातली आशा वेगळी. नंतर अनपेक्षितपणे जमिनीकडून वारा सुटला, शिडे भरली, जहाज निसटले. ईश्वराचे आभार एका वाक्यांशात मानून होतात न होतात तोच दुसऱ्या दिवशीची मासेमारी आणि खडकावरून उपटून आलेले मोठे पोवळे ह्यांचे वर्णन सुरू होते. संकटातून सुटलेल्या माणसाच्या वृत्तीचे इतके खरे चित्रण मोठमोठ्या स्तोत्रांतही क्वचितच आढळते.

पत्रातील सर्वनामांची योजनाही पाहण्यासारखी आहे. जाणकार खलाशी हे बहुधा 'ते'. जहाजावर जे जे गुदरते ते 'आम्ही'. आणि 'मी' फार थोड्या जागी. त्या जागा कोणत्या? एक आज्ञापालनाची. दुसरी मदेइराजवळील पोर्तो सांतो बेटापाशी : एका सुंदर व भव्य इंग्रज जहाजाने ह्यांच्या जहाजावर गोळ्या झाडल्या, तेव्हा इतके चांगले जहाज असल्या वाईट कामाला लागलेले पाहून वाईट वाटले, हे 'मी'. तिसरी प्रकृतीची : अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध माझी प्रकृती शेवटपर्यंत उत्तम राहिली. ह्या व्यतिरिक्त 'मी' येतो तो मुख्यतः निवेदक म्हणून, एवढे पुरे असे म्हणण्यापुरता. देश सोडलेल्या माणसाची देशाविषयीची व्यथा, आज्ञेची स्वीकृती आणि देहाविषयीची कृतज्ञता. ह्या तीन जागा जोडल्या की लेखकाचे अंतःकरण पुरेसे दिसते.

पत्रातील सर्वांत समृद्ध भाग ह्यानंतरचा आहे. भूशिर ओलांडायला उशीर झाल्यामुळे जहाजास मोझांबिकचा आतला मार्ग सोडून मादागास्करच्या बाहेरून जाणे भाग पडले. ह्या मार्गावर बंदर नाही. अन्न व पाणी संपत जाते. हिरड्या सुजून कापून टाकाव्या लागतात, पाय फुगतात, हातपाय हलेनासे होतात आणि माणसे अशक्तपणाने मरतात. आज आपण ह्या रोगास स्कर्व्ही म्हणतो व त्याचे कारण 'क' जीवनसत्त्वाचा अभाव हे जाणतो. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली, सत्तावीस दगावली; आणि इतर वेळच्या मानाने ही हानी जहाजावरील लोकांना फारशी वाटली नाही, असे ते कोणतीही टिप्पणी न करता नोंदवितात.

आणि अशा स्थितीत खुणांची वाट पाहणे सुरू होते. विषुववृत्त पुन्हा ओलांडल्यावर उकडल्यासारखे तांबडे खेकडे पाण्यावर तरंगताना दिसले. परंतु ती जमिनीची खूण नव्हे. अकराव्या अंशाच्या सुमारास हजारो मासे जहाजाभोवती जमले, पंधरा दिवस सर्वांनी त्यांवरच गुजराण केली. परंतु तेही जमिनीची खूण नव्हेत, उलट खोल समुद्राची खूण. मग ससाण्याच्या जातीचे दोन पक्षी हाती लागले. सर्वांना हर्ष झाला, हे हिंदुस्थानचे पक्षी! ते निघाले अरबस्तानचे. जहाज हिंदुस्थानजवळ नसून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, सोकोत्रा बेटापाशी होते; प्रवाहांनी व सुईच्या विचलनाने फसविले होते. ईशान्येचे वारे सुटले आणि नाइलाजाने जहाज पूर्वेकडे वळले. दहा दिवस एकही खूण नाही. तेव्हाच चूक उमगली, आणि जे वारे प्रतिकूल वाटले होते तेच ईश्वराने पाठविलेले ठरले. त्यानंतर खऱ्या खुणा : प्रथम ओळखीचे भारतीय पक्षी, मग ताडामाडाच्या फांद्या व लव्हाळे, मग पाण्यावर पोहणारे साप आणि निसर्गानेच ठसा उमटविल्यासारखा दिसणारा, नाण्याएवढा वाटोळा एक पदार्थ. ह्या शेवटच्या दोन खुणा इतक्या पक्क्या की, वारा अनुकूल असेल तर दुसऱ्या दिवशी जमीन दिसावयाचीच. तशी ती दिसली, आणि २४ ऑक्टोबर रोजी जहाज गोव्यास लागले.

'ही खूण नव्हे' हे वाक्य ह्या भागाचा कणा आहे. एखाद्या उतावळ्या भाविकाने तांबड्या खेकड्यांतही शुभसंकेत पाहिला असता. स्टीफन्स पाहत नाहीत. पोट भरणारे मासेही त्यांना आशेचे चिन्ह म्हणून चालत नाहीत. मासे ही कृपा असू शकेल, पण कृपा म्हणजे किनारा जवळ आल्याचा पुरावा नव्हे. आशा म्हणजे भासमान खुणा एकामागून एक नाकारीत जाऊनही खऱ्या खुणेसाठी डोळे उघडे ठेवणे, हा ह्या प्रवासाने घडविलेला आशेचा आकार आहे. हॅक्लूटच्या वाचकाने ह्यात फक्त नौकानयन पाहिले व श्रद्धाळू वाचकास ह्यात काहीच सापडले नाही. दोघांच्याही हातून निसटले ते हेच.

परंतु येथेच समीक्षकाला दुसरी बाजूही मांडावी लागते, कारण ह्या पत्राचा गौरव करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समुद्राच्या खुणांविषयी इतका काटेकोर असलेला हा लेखक माणसांविषयी तसा राहत नाही. आगुल्यासच्या किनाऱ्यावरील लोक रानटी असून परक्यांस ठार मारतात, असे तो बेधडक सांगतो. त्या किनाऱ्यावर तो उतरलेला नाही, त्या लोकांपैकी एकही त्याने पाहिलेला नाही. खेकड्यांची साक्ष तपासली गेली, माणसांची मात्र ऐकीव बातमीवरच निकाली निघाली. गोव्यास पोहोचल्यावर तेथील लोकांचे वर्णन येते ते वर्णाचे, ओठ-नाकाच्या ठेवणीचे आणि कमरेच्या तोकड्या वस्त्राचे. आणि तेही आफ्रिकेतील लोकांना हिणवून केलेल्या तुलनेच्या आधारे. एवढे मात्र त्यांच्या पदरी टाकले पाहिजे की, ही माणसे आपल्या त्या वेषात आपल्या साऱ्या नटण्यामुरडण्याइतकेच समाधान मानतात, असा एक स्मितरेषेचा शेरा त्या वर्णनाशेवटी आहे. मग झाडे, पाणी, माडाची माडी, आणि पत्र संपते. सतरा दिवसांत कानांवर पडलेल्या भाषेचा एक शब्दही पत्रात नाही. ज्यांच्यासाठी सात महिन्यांचा समुद्र ओलांडला त्यांचा आवाज अद्याप ऐकू आलेला नाही.

आणि तो आवाज त्या वेळी कोणत्या स्थितीत होता? गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये स्थापन झाले होते. स्टीफन्स यांचे सारे आयुष्य ज्या साष्टी तालुक्यात जावयाचे होते तेथील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. १५८३ च्या जुलैच्या २५ तारखेस त्याच साष्टीतील कुंकळ्ळी गावी रोदोल्फो आक्वाव्हिवा व त्यांचे चार जेझुइट सहकारी मारले गेले. त्यानंतर गावच्या गांवकरांना बोलण्यासाठी म्हणून असोळणे येथील किल्ल्यात बोलावून त्यांना ठार करण्यात आले. एका बाजूची आशा ही दुसऱ्या बाजूची धास्ती होती. १५७९ च्या पत्रात ह्याची चाहूलही नाही, आणि सतरा दिवसांच्या पाहुण्याकडून ती अपेक्षिणे अन्यायाचे होईल. परंतु आपण वाचक मात्र सतरा दिवसांचे पाहुणे नाही. ह्या पत्रातील श्रद्धेचे सौंदर्य मान्य करताना ती श्रद्धा कोणत्या सत्तेच्या तोफखान्यासह बंदरातून निघाली होती, हे विसरता येत नाही. लिस्बनहून निघताना रणशिंगे वाजली व तोफा झडल्या, आणि ताफा युद्धाच्या थाटाने निघाला, हे स्वतः स्टीफन्सच लिहितात.

ऑक्टोबर १५८३ मध्ये स्टीफन्स यांनी पॅरिस येथील आपल्या भावास एक लॅटिन पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीच्या प्रसंगाचा वृत्तांत आहे, आणि त्याच पत्रात येथील भाषांविषयीचा तो सुप्रसिद्ध मजकूर आहे : ह्या प्रदेशात भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चारण गोड आहे, रचनेने त्या ग्रीक व लॅटिन ह्या भाषांशी सदृश आहेत, त्यांची अक्षरे पूर्ण अवयवांचे मूल्य धारण करतात आणि व्यंजन-स्वरांच्या जितक्या जोड्या संभवतील तितकी रूपे घेतात. सर विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या व्याख्यानाच्या दोनशे वर्षे आधी हे निरीक्षण नोंदविले गेले, म्हणून भाषाशास्त्राच्या इतिहासकारांनी त्याचे कौतुक केले आहे. ते योग्यच आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्याचे स्थान. सहकाऱ्यांच्या हत्येचे वृत्त ज्या पत्रात आहे त्याच पत्रात, ती ज्यांच्याकडून झाली त्यांच्या भाषेविषयी हा आदर आहे. पक्ष्यांची नावे व पाण्यावरील खुणा टिपणारी दृष्टी अखेर माणसांच्या बोलण्याकडे वळली. चार वर्षांपूर्वीच्या पत्रात जी उणीव होती ती भरून येण्याचा आरंभ येथे झाला, असे मी मानतो.

ह्याचे फळ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. पंचाण्णव अवस्वरूंचे आणि १०,९६२ ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' हा आपला विषय नाही. परंतु त्यातील व त्याच्या परिसरातील शब्दयोजनेचा एक धागा पत्राशी येऊन मिळतो. विश्वास ह्या कल्पनेसाठी स्टीफन्स यांनी 'भावार्थ' व विश्वासी माणसासाठी 'भावार्थी' हे शब्द योजिले. 'भावार्थ' ह्या शब्दाचा मराठीतील रूढ अर्थ आशय, शब्दांच्या पोटातील अर्थ. ज्ञानेश्वरीचे दुसरे नाव 'भावार्थदीपिका', आणि स्टीफन्स यांचे वडीलधारे समकालीन एकनाथ यांच्या रामायणाचे नावही 'भावार्थरामायण'. 'भाव' मध्ये भक्ती आहे, 'अर्थ' मध्ये आकलन. धर्मश्रद्धेसाठी असा शब्द निवडणाऱ्याने तीत आकलनास स्थान दिले आहे, हे निदान शब्दापुरते तरी खरे आहे. खुणांच्या वह्या वाचणाऱ्या खलाशांत ईश्वराची देणगी पाहणाऱ्या लेखकास हा शब्द शोभतो. अर्थात पत्रातील खुणांपासून 'भावार्थ' शब्दापर्यंत सरळ रेषा ओढणे हा समीक्षकाचा हव्यास ठरेल. हा शब्द त्यांना येथील भाषेतच तयार मिळाला होता. ते त्याच्यापाशी थांबले, एवढेच श्रेय त्यांना द्यावयाचे.

गोव्यातील ख्रिस्ती कोंकणीत विश्वास, आशा व प्रीती ह्या तीन सद्‌गुणांची नावे 'भावार्थ', 'भरवंसो' आणि 'मोग' अशी आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईकडील प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी घडविलेल्या मराठी परंपरेत त्यांच्या जागी 'विश्वास', 'आशा' आणि 'प्रीति' आले. हा फरक वरवरचा नव्हे. 'आशा' आपण धरतो, लावून बसतो, सोडतो. तिचा कल इच्छेकडे आहे, आणि संतवाङ्मयाने तिला तृष्णेची बहीण मानून तिच्याविषयी सावध केलेले आहे. 'भरवसा' ठेवावा लागतो तो कोणावर तरी किंवा कशावर तरी; त्यास बाहेरचा आधार लागतो. आणि तो फसूही शकतो, हे मराठी माणसाने 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ह्या म्हणीत केव्हाच सांगून ठेवले आहे. म्हणीतील 'भरवसा' हा विश्वास आणि आशा ह्यांच्या बरोबर मधोमध उभा आहे. अरबस्तानच्या ससाण्यांना हिंदुस्थानचे समजून हर्षलेल्या खलाशांची कथा ह्या म्हणीपेक्षा फारशी निराळी नाही.

कोंकणी ख्रिस्ती परंपरेने 'आशा' बाजूला ठेवून 'भरवंसो' का पत्करला, आणि ह्यात स्टीफन्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा किती, हा प्रश्न शब्दसूचीच्या आधारानेच सोडविता येण्यासारखा आहे. 'ख्रिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ व १६५४ ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. आपल्यापाशी आहे ती रोमन लिपीतील हस्तलिखितांवरून सिद्ध झालेली १९०७ ची मंगळूर आवृत्ती, लंडनमधील मार्स्डेन संग्रहातील देवनागरी प्रत, १९५६ ची बंडेलूंची आवृत्ती आणि त्यानंतरची संपादने. रोमन व देवनागरी पाठांत संस्कृत शब्दांच्या प्रमाणाबाबत अंतर आहे, हे अभ्यासकांस ठाऊक आहेच. 'भावार्थ', 'भरवसा', 'आशा' आणि 'खूण' ह्या चार शब्दांचे सर्व प्रयोग दोन्ही पाठांतून वेगवेगळे उतरवून काढणे हे एका पदव्युत्तर विद्यार्थ्यास वर्षभर पुरेल इतके काम आहे. त्याचा आरंभ 'पैल्या पुराणा'तील नोहाच्या नौकेच्या प्रकरणापासून करावा. तेथेही पाण्यावर जहाज आहे, आणि जमिनीची खूण म्हणून एक पक्षी सोडलेला आहे.